यंत्रावरचा आळ

माझा चुलतभाऊ आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी रेणापूरहून लातूरला जातो. पिंपळफाट्यावर पहाटे काळीपिवळी मिळाली तर काळीपिवळी, नाहीतर एसटी. वीसेक किलोमीटरचा रस्ता. डावा हात तो अंगाशी धरून बसतो, कारण त्या हातावर फिस्टुला आहे, म्हणजे मशीनच्या सुयांसाठी धमनी आणि शीर जोडून केलेली वाट. मनगटाच्या वर बोटं टेकवली की आत मांजर गुरगुरत असल्यासारखी थरथर लागते. ती बंद पडली की मशीनला हात मिळत नाही, म्हणून गर्दीत कुणाचा धक्का लागू नये याची धास्ती. दोन वर्षं मी त्याच्यासोबत जातोय. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला नाहीतरी दुसरं काम काय? तो आत चार तास, मी बाहेर बाकावर चार तास. त्या बाकावर जे कानावर आलं, त्याला उत्तर म्हणून हे लिहितोय, आणि भावाला विचारून लिहितोय.

बाकावर गप्पा चालतात त्या पाण्याच्या आणि पोटॅशियमच्या. नारळपाणी चालतं का, शेंगदाण्याची चटणी किती खावी, बटाटा उकळून पाणी टाकून दिलं तर चालतो का. एकदा एक नवं कुटुंब आलं. तिशीतला मुलगा, डॉक्टरांनी डायलिसिस सुरू करायला सांगितलेलं. शेजारच्या एका म्हाताऱ्याने मुलाच्या बापाला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “पोराला मशीनवर घालू नगा. मशीन लागली की मानूस आतून रिकामा व्हतो. बाईलच्या कामाचा ऱ्हात न्हाई.” ते उठून गेले. तीन आठवड्यांनी तो मुलगा परत आला तेव्हा त्याला दम लागलेला होता, पाय सुजलेले होते, आणि फिस्टुला करायला वेळच नव्हता म्हणून मानेतल्या नळीतून तातडीने डायलिसिस करावं लागलं.

म्हाताऱ्याला मी दुष्ट म्हणणार नाही. त्याने पाहिलेलं सांगितलं. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडावा, असा आपल्याकडचा वादाचा जुना दंडक आहे, तर तो मांडतो. बाकावरच्या मताला तीन तोंडं आहेत. पहिलं: डायलिसिसचं यंत्र रक्ताबरोबर पुरुषपणही शोषून घेतं. दुसरं, जरा शिकलेल्यांचं: हा सगळा मनाचा खेळ आहे, धीर धरला की ठीक होतं. तिसरं, घरच्यांचं आणि पुष्कळदा दवाखान्याचंही: जीव वाचला हेच खूप, आता हे कशाला हवंय?

ज्यावर हे मत उभं आहे ती वस्तुस्थिती खरी आहे, हे आधी कबूल करू. मूत्रपिंड निकामी होत गेलेल्या पुरुषांत लिंगाला ताठरता न येणं किंवा न टिकणं ही तक्रार फार मोठ्या प्रमाणावर आढळते. २०१० मध्ये जगभरातल्या ५० अभ्यासांची बेरीज करून एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात मूत्रपिंडविकाराच्या पुरुषांपैकी सुमारे ७० टक्क्यांत ही तक्रार दिसली. त्याआधी २००१ मध्ये अमेरिकेत डायलिसिसवरच्या ३०२ पुरुषांना विचारलं गेलं, तिथे आकडा ८२ टक्के निघाला. तुलनेसाठी, अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्समध्ये ४० ते ७० वयाच्या सर्वसाधारण पुरुषांच्या १९९४ मधल्या पाहणीत कमी-अधिक प्रमाणात ही अडचण ५२ टक्क्यांना होती. तेव्हा म्हातारा खोटं बोलला नाही. त्याचं चुकलं ते कारण सांगताना.

न्यायशास्त्रात कारणाची चर्चा करताना कुंभाराचं गाढव येतं. मडकं घडण्याआधी माती वाहून आणणारं गाढव हजर असतं, म्हणून ते मडक्याचं कारण ठरत नाही. त्याला अन्यथासिद्ध म्हणतात. डायलिसिसचं यंत्र हे या प्रकरणातलं गाढव आहे. पुरुषाला तक्रार जाणवते तेव्हा ते शेजारी उभं असतं एवढंच. खरं कारण ठरवायचं तर व्यतिरेक तपासायला हवा, म्हणजे यंत्र नसेल तिथे तक्रारही नसते का? असते. ज्यांचं क्रिएटिनिन चढतंय पण डायलिसिस अजून लागलेलं नाही, अशा पुरुषांतही ही तक्रार सर्रास सापडते. माझ्या भावालाच मी विचारलं. म्हणाला, “दादा, तुमाला म्हनून सांगतो, मशीनच्या आधी दीड वर्ष झालतं सुरू. शुगरमुळं आसंल म्हनून गप बसलो.” यंत्रावर आळ आला तो यंत्र दिसतं म्हणून. आत सडत चाललेलं दिसत नाही.

आणि यंत्र काय काय काढून घेतं, तेही बघू, कारण लाल नळ्या पाहून भल्याभल्यांचा धीर सुटतो. मिनिटाला अडीचशे-तीनशे मिलिलिटर या वेगाने रक्त हातातून निघतं, गाळणीतून फिरतं आणि त्याच हातात परत जातं. कोणत्याही क्षणी अंगाबाहेर असलेलं रक्त पेलाभर. शेवटी टेक्निशियन सलाइन सोडून नळीतलं रक्त परत अंगात ढकलतो, नळी फिकट गुलाबी होत जाते, ते काचेतून मी अनेकदा पाहिलंय. गाळणीच्या पलीकडच्या बाजूने मिनिटाला अर्धा लिटर द्रावण वाहतं, म्हणजे चार तासांत १२० लिटर. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे दिवसाला पेलाभर-तांब्याभर मोजून पाणी पिणाऱ्या माणसासाठी हे १२० लिटर खर्ची पडतात. असो. त्या गाळणीतून युरिया जातो, क्रिएटिनिन जातं, पोटॅशियम जातं, साठलेलं पाणी जातं. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे ज्याला बाकावर ‘पुरुषपण’ म्हणतात त्यातला मोजता येणारा भाग, जवळजवळ सगळाच रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो, आणि ती प्रथिनं गाळणीच्या छिद्रांपेक्षा मोठी असतात. ते जात नाही. उलट प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक, जे वाढलं की कामेच्छा मंदावते आणि जे मूत्रपिंडांनी काढायला हवं, ते आकाराने मोठं असल्याने साध्या डायलिसिसने पुरेसं निघत नाही. म्हणजे यंत्राचा दोष असलाच तर म्हातारा म्हणतो त्याच्या उलटा आहे. ते फार काही काढून घेतं असं नाही, सगळं काढू शकत नाही.

आता खरं कारण. ताठरता येते ती हाडामांसाच्या जोरावर नव्हे, रक्ताच्या. मेंदूचा इशारा मज्जातंतूंतून खाली जातो, तिथे नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो, त्याने रक्तवाहिन्यांभोवतीचे स्नायू सैल पडतात, रक्त आत शिरतं आणि भरलेल्या दाबानेच बाहेर पडायच्या शिरा दाबल्या जातात. म्हणजे गंमत अशी की इथे ‘ताकद’ लागत नाही, सैल पडावं लागतं. या वायूचं शरीरातलं काम शोधून काढणाऱ्या फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ मध्ये नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी त्याच वाटेवर काम करणारी सिल्डेनाफिलची गोळी बाजारात आली.

मूत्रपिंडं निकामी झाली की या साखळीची जवळजवळ प्रत्येक कडी गंजते. नायट्रिक ऑक्साइडच्या निर्मितीला आडकाठी करणारा एक पदार्थ, अ‍ॅसिमेट्रिक डायमेथिल आर्जिनिन, रक्तात साठत जातो. लंडनच्या संशोधकांनी हे १९९२ मध्ये दाखवलं. धमन्यांत कॅल्शियम बसतं. मधुमेह असेल, आणि आपल्याकडे मूत्रपिंड जाण्याचं सगळ्यात मोठं कारण तोच, तर मज्जातंतू पुष्कळदा आधीच दुखावलेले असतात. मूत्रपिंडातून येणारं एरिथ्रोपोएटिन कमी पडल्याने हिमोग्लोबिन सात-आठवर येतं. त्याची इंजेक्शनं १९८९ पासून मिळू लागली, तेव्हा रक्त वाढल्यावर काही रुग्णांनी कामजीवनही सुधारल्याचं सांगितलं. शिवाय गोळ्या. रक्तदाबासाठी दिलेलं क्लोनिडिन, काही बीटा ब्लॉकर, उलटीसाठी महिनोन्महिने चालू राहिलेलं मेटोक्लोप्रामाइड, ही सगळी या तक्रारीत भर घालू शकतात. भावाच्या पिशवीतल्या चिठ्ठीवर यांतल्या दोन होत्या. कुणी विचारलंच नाही म्हणून कुणी बदलल्या नाहीत.

दुसऱ्या मताकडे वळू. मनाचा खेळ. हे म्हणणाऱ्याला वाटतं आपण दिलासा देतोय. प्रत्यक्षात तो रुग्णाच्या अंगावर दुसरा आरोप टाकत असतो, की तूच खचलास. झोपेत तर मनाला भीती, कर्ज, नोकरी यांची फिकीर नसते, आणि निरोगी पुरुषाला झोपेतही रात्रीतून काही वेळा ताठरता येते. १९८१ मध्ये अमेरिकेत प्रोची, मॅस्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्रपिंडविकाराच्या पुरुषांची झोपेतली ताठरता यंत्राने मोजली, तर ती निरोगी पुरुषांपेक्षा कमी भरली. झोपलेल्या माणसाला धीर देऊन काय उपयोग?

आपल्या जुन्या वैद्यांनाही हे ठाऊक होतं, आणि हे मुद्दाम सांगतो, कारण बाकावर परंपरेचं नाव फार घेतलं जातं. चरकाच्या चिकित्सास्थानात क्लैब्याचे, म्हणजे याच दुखण्याचे, चार प्रकार आहेत. बीजाचा बिघाड, इंद्रियाचा बिघाड, म्हातारपण आणि शुक्रक्षय. सुश्रुताने सहा सांगितलेत आणि त्यांत मानस हा फक्त एक. गंमत म्हणजे सुश्रुताच्या सहांत एक प्रकार असाही आहे की जो बळेच वेग दाबून धरल्याने होतो. ‘एक थेंब वाचवला की शंभर दिवस आयुष्य’ छापाची जी वाक्यं भिंतीवर रंगवलेली असतात, ती रंगवणाऱ्यांनी हा अध्याय उघडून पाहिलेला नाही.

तरीही मनाला मी यातून वगळत नाही. डायलिसिसवरच्या माणसाला नैराश्य येतं, थकवा असतो, घरातली कर्त्याची जागा सुटलेली असते, चार दिवस जमलं नाही की पाचव्या दिवशी भीतीनेच जमत नाही. पण क्रम नीट लावायला हवा. आधी धमनी बिघडते, मग मन तिच्या मागे जातं. आणि बायकोला यातलं काही कुणी सांगितलेलं नसतं. बाकावर एक बाई माझ्या बायकोजवळ रडली होती, “ह्यांचं माझ्यावरून मन उडालंय.” मन कुठे उडालं होतं? अर्धा मिलिमीटर कॅल्शियमने संसारात संशय घातला होता.

तिसरं मत सगळ्यांत सभ्य आणि माझ्या मते सगळ्यांत वाईट. जीव वाचला हेच खूप. हे म्हणणारे लोक डायलिसिसच्या रुग्णाला मरणाच्या दारातून परत आलेला पाहुणा समजतात, त्याने आता काही मागू नये. पण तो पाहुणा नाही. तो सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी मशीनवर असतो आणि मंगळवारी खताची गोणी उचलतो, मुलीची फी भरतो, भावकीच्या भांडणात जातो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे ज्यांच्या खिशात पैसा नव्हता असे लोक वर्षानुवर्षं जगू लागलेत. जगणं लांबलं, तर जगण्याचे प्रश्नही त्यासोबत आले. प्रत्येक खेपेला आत वजन विचारतात, बीपी बघतात, महिन्याला हिमोग्लोबिन, पोटॅशियम, फॉस्फरस बघतात. हा प्रश्न दोन वर्षांत एकदाही विचारलेला मी ऐकला नाही.

आणि हा प्रश्न फक्त सुखाचाही नाही. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे तोच आजार तिथे आधी दिसतो, असं अनेक हृदयतज्ज्ञ मानतात. डायलिसिसवरची माणसं मूत्रपिंडाने कमी आणि हृदयाने जास्त मरतात. म्हणजे ही तक्रार पुष्कळदा हृदयाने आगाऊ पाठवलेली चिठ्ठी असते, आणि आपण ती ‘कशाला हवंय’ म्हणून फाडून टाकतो.

तक्रार दवाखान्यात पोचत नाही याला भाषाही जबाबदार आहे. बोली मराठीत या दुखण्याला साधा शब्द नाही, शिव्या आहेत. षंढ, नामर्द, बांगड्या भर. स्वतःबद्दल कोण वापरेल? मग रुग्ण म्हणतो, “डॉक्टर, ताकद ऱ्हाईली न्हाई.” डॉक्टर ऐकतात अशक्तपणा, आणि लिहून देतात बी कॉम्प्लेक्स. भावाने हेच वाक्य तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा हातात तीच लाल गोळी घेऊन आला. १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांवर त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून खटला झाला. कर्व्यांच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला ते हरले, २०० रुपये दंड झाला. नव्वद वर्षं होऊन गेली. विचारणाऱ्याला आता दंड होत नाही, पण तोंड उघडत नाही ते नाहीच.

तोंड बंद असलं की भिंती बोलतात. लातूर-अंबाजोगाई रस्त्यावर गुप्तरोगाच्या पाट्या मोजायला घेतल्या तर फाट्यापर्यंत बोटं पुरत नाहीत. कामशक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि पाटीवाल्यांना ती माहीतही असेल. तिथे मिळणाऱ्या पुडीत काय असतं? अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांपैकी जवळपास पाचवा हिस्सा शिसं, पारा किंवा आर्सेनिक बाळगून होता. ज्याची मूत्रपिंडं शाबूत आहेत त्यालाही हे बाधतं. ज्याची गेलीत त्याच्या अंगातून ते निघणार कुठून? आणि ‘जडीबुटी’ म्हणून विकलेल्या गोळीत चोरून सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेक देशांच्या औषध प्रशासनांना सापडलं आहे. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या माणसाने ती गोळी घेतली, तर रक्तदाब असा कोसळतो की उठून बसणंही होत नाही. रक्तदाबासाठी प्राझोसिन चालू असेल तरी धोका आहे, आणि डायलिसिसच्या रुग्णांना ते आपल्याकडे भरपूर दिलं जातं.

मग करता येतं काय? हिमोग्लोबिन वर आणणं, डायलिसिस न चुकवता पूर्ण चार तास घेणं, तंबाखू सोडणं, अडथळा आणणाऱ्या गोळ्यांना पर्याय शोधणं, नैराश्य ओळखून त्याचा उपचार करणं. सिल्डेनाफिल डायलिसिसच्या रुग्णांत तपासलं गेलंय आणि पुष्कळांना उपयोग होतो. सुरुवात २५ मिलिग्रॅमपासून करतात, आणि ती डॉक्टरांनी हृदय तपासून, बाकीच्या गोळ्या पाहून करायची असते, मेडिकलवाल्याने नव्हे. गोळी चालली नाही तर निर्वात पंप आहे, इंजेक्शन आहे. टेस्टोस्टेरॉन आणि जस्ताचे निकाल मात्र भरवशाचे नाहीत, तेव्हा ते टॉनिक समजून घेऊ नयेत. प्रत्यारोपणाने अनेकांची कामेच्छा आणि ताठरता सुधारते, सगळ्यांची नाही. दुसऱ्यांदा प्रत्यारोपण करताना रक्तवाहिनी कुठून जोडणार, याने फरक पडू शकतो, म्हणून शस्त्रक्रियेआधी विचारावं. आपल्याकडे जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बहुसंख्य बायका असतात. जी नवऱ्याला स्वतःचं मूत्रपिंड देऊ शकते, तिच्यासमोर हे बोलायला डॉक्टर का अवघडतात, हे मला उमगलेलं नाही. डायलिसिसवरच्या बाईचीही पाळी बिघडते, इच्छा मंदावते. तिला तर ‘ताकद’ एवढासुद्धा शब्द मिळालेला नाही, आणि या लेखात मीही तिच्यासाठी दोनच ओळी लिहिल्या.

भावाने गेल्या महिन्यात शेवटी सांगितलं. मीच त्याला वाक्य पाठ करून दिलं होतं, वर्गात प्रयोगाची कृती पाठ करून घ्यावी तसं. डॉक्टर दोन क्षण गप्प राहिले, मग त्यांनी चिठ्ठी मागवली, एक गोळी बदलली, एक बंद केली आणि हृदयाची सोनोग्राफी लिहिली. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. थोरल्या भावाने विचारायचं ते नाही.

तुमच्या घरात कुणी मशीनवर असेल तर ‘ताकद’ हा शब्द वापरू नका. “संबंधाच्या वेळी ताठरता येत नाही, अमुक महिन्यांपासून,” एवढंच म्हणा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या, आणि तिच्यात सॉर्बिट्रेट असेल तर ते सगळ्यात आधी सांगा.